दाढ दुखते म्हणून आलेली मुलं

मी एक जुना भोंगा आहे.

थांबा. अशी सुरुवात झाली की पुढचं तुम्हाला पाठ असतं. मी कुठे घडलो, किती राबलो, लोकांनी कसं डोक्यावर घेतलं आणि मग कसं अडगळीत टाकलं. शेवटी मी रडवेला होऊन म्हणणार, मित्रांनो, मला दुरुस्त करा.

मी तसं म्हणणार नाही. माझ्याखाली आत्ता शिडी लागली आहे. वायरमन मला दुरुस्त करायलाच आला आहे, आणि मित्रांनो, मला भीती वाटते आहे. पत्र्याला घाम फुटत नाही म्हणून दिसत नाही, इतकंच.

पक्कड विसरला म्हणून तो बाहेर गाडीकडे गेला आहे. तो परत येईपर्यंत जमेल तेवढं सांगतो. मधेच तुटलं तर सांभाळून घ्या. भोंग्याचं बोलणं मधे मधे तुटतंच.

*

जन्म. हा भाग लवकर उरकतो.

माझं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं आहे. मागे एक डबी, डबीत लोहचुंबक आणि त्याला लागून एक पातळ पडदा. पडद्याला केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली. ज्या बाईने ती तार गुंडाळली तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. तपासनिसाने माझ्यात 'हॅलो, एक, दोन, तीन' म्हटलं आणि मी पहिल्यांदा बोललो. ती बाई दचकली. तिच्या हातातलं रीळ घरंगळत टेबलाखाली गेलं.

म्हणजे मी जगात आलो तो कोणाला तरी दचकवतच.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. माझा पडदा उलटाही चालतो. ज्या पडद्याने मी बोलतो त्याच पडद्याने मी ऐकतो. खाली बाकांवर कोण काय कुजबुजतं ते सगळं माझ्यापर्यंत येतं.

*

त्यांनी मला या दवाखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये मधल्या खांबावर चढवलं. माझी वायर भिंतीवरून केसपेपरच्या खिडकीत गेली. तिथे काचेच्या खोक्यात केसपेपरवाले काका बसत. त्यांच्यापुढे माइक आणि माइकला लाल बटण. बटण दाबलं की मी बोलायचो, सोडलं की गप्प.

ती वर्षं चांगली होती. एकदा तीन वर्षांचं पोर हरवलं. मी ओरडलो, "निळा सदरा, एका पायात चप्पल." औषधांच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "अरे, हा तर माझ्याच पिशवीत हात घालून उभाय!" एकदा रक्त हवं होतं. मी गट सांगितला, आणि अकरा माणसं बाकांवरून उठली. अकरा! काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आवाज बघा कसा खणखणीत."

मला ते आवडलं. कोणाला आवडणार नाही? खणखणीत असणं म्हणजेच चांगलं असणं, असं मी धरून चाललो.

*

वायरमन आला. पहिली पायरी.

दुसरी पायरी. शिडी डुगडुगते आहे. तो उतरला. शिडीच्या पायाखाली घालायला पुठ्ठा शोधतो आहे.

पुढे सांगतो.

*

केसपेपरवाले काका वाईट माणूस नव्हते. हे आधी सांगतो, कारण पुढे तुम्हाला ते वाईट वाटतील.

त्यांना एक सवय होती आणि एक दुखणं होतं. सवय अशी, की समोरचा जे सांगेल ते मोठ्याने म्हणत म्हणत लिहायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका आजीचं वय चुकून सात लिहिलं होतं आणि साहेबांनी सगळ्यांदेखत झाडलं होतं. तेव्हापासून ते प्रत्येक शब्द उच्चारून पक्का करत. शिवाय एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून आवाज जरा चढाच.

दुखणं अंगठ्याचं. दिवसातून तीनशे वेळा बटण दाबून त्यांचा अंगठा सुजला. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. एका कोऱ्या केसपेपरची घडी घातली, ती बटणावर ठेवली आणि वरून रबरबँड आवळला.

बटण दाबलेलं राहिलं. कायमचं.

काकांच्या खोक्यात पंखा घरघरायचा, त्यांना माझा आवाज ऐकू जायचा नाही. हॉलला मात्र सगळं जायचं. त्यांचं खोकणं, डबा उघडणं, फोनवर बायकोशी बोलणं. "अगं, पुन्हा तोच पाला? मी काय ससा आहे?" हॉल खदाखदा हसायचा. एकाने हसता हसता शेजाऱ्याला म्हटलं, "सांगू नका हं त्यांना. नाहीतर बंद होईल." आणि कोणीच सांगितलं नाही. वेळ बरा जायचा ना.

मीही हसलो, मित्रांनो. भोंग्याचं हसणं म्हणजे थोडी खरखर.

*

त्याच थंडीत वरच्या मजल्यावर चौदा नंबरची खोली उघडली. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी. ज्या वयात अंग बदलतं आणि कोणाला काही विचारता येत नाही, त्या वयासाठी. दुखत असेल, खाजत असेल, पाळीचं काही असेल, कोणी नको तिथे हात लावला असेल, नुसती शंका असेल, तरी या. शाळा सुटल्यावर चार ते सहा. सोबत कोणी नसलं तरी चालेल.

खोलीतल्या सिस्टरनी पडदे स्वतः धुतले. कडक पाठीच्या खुर्च्या काढून मऊ आणल्या. दाराला आतून कडी बसवून घेतली. सगळं सजवून बसल्या, आणि कोणीच येईना.

एक आठवडा, दोन आठवडे. मोठे डॉक्टर म्हणाले, "आजकालची पोरं फोनवर बघतात सगळं. त्यांना आपली गरज नाही."

सिस्टरच्या खोलीत भोंगा नव्हता. त्या मागच्या जिन्याने यायच्या आणि मागच्या जिन्याने जायच्या. हॉलमध्ये काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मुलं येत होती, रोज येत होती, पण खिडकीवरून पुढे सरकत नव्हती.

"चौदा नंबर," एक मुलगा खिडकीत म्हणाला. आवाज नुकता फुटलेला, अर्धा जाड, अर्धा चिरका.

"चौ-दा नं-बर," काका लिहीत म्हणाले. "वय पं-ध-रा. हं, तक्रार काय?"

हे सगळं माझ्या तोंडातून. दीडशे माणसांवर. मुलाने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याआधी मी कोणाच्या नजरेला इतका घाबरलो नव्हतो.

"काही नाही," तो म्हणाला. "दात. दात दुखतोय."

"अरे मग चौदा कशाला? दात म्हणजे सहा!" काकांनी कागद फाडून नवा लिहिला. "दा-त."

दुसऱ्या दिवशी दोन मुली आल्या. दाढ. मग एक उंच मुलगा. दात. मग टोपीवाला. दाढ. त्या महिन्यात सहा नंबरच्या दातांच्या खोलीत पोरांची रीघ लागली.

*

मोठे डॉक्टर खाली उभे आहेत. नवे आलेत, महिना झाला. "एवढा दणदणीत भोंगा खांबावर आणि लोक रांगेत गोंधळ घालतात! आज चालू झाला पाहिजे."

"होतोय साहेब," वायरमन म्हणाला. पुठ्ठा मिळाला. पहिली. दुसरी. तिसरी.

"अहो वायरमन!" कोणीतरी हाक मारली. "एक्स-रेची लाइट गेली!"

तो चरफडत उतरला. देव त्या एक्स-रेचं भलं करो.

*

आता ती.

तिचं नाव मला माहीत आहे, कारण ते मीच ओरडलो होतो. म्हणून सांगणार नाही. ती बोटं मोडायची. एकेक बोट, कट्, कट्. खिडकीपाशी उभी राहून तिने दहाही बोटं मोडली, आणि माइकने ते सगळ्या हॉलला ऐकवलं.

मंगळवार होता. पावणेपाच.

"चौदा नंबर," ती म्हणाली.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"वय?"

"सोळा."

"सो-ळा. सोबत कोण?"

"कोणी नाही. काका, घरी कळवत नाही ना तुम्ही? आत्याला कळलं तर..."

"घरी कशाला कळवू? माझं काम लिहायचं. तक्रार?"

ती काचेच्या भोकाला ओठ लावून बोलली, अगदी हळू. पण माइकला हळू-जोरात कळत नाही. ती म्हणाली,

—————

इथे मी वाक्य तोडतो आहे. माझ्यात बिघाड नाही. ते वाक्य मी एकदा दीडशे लोकांना सांगितलं आहे, दुसऱ्यांदा सांगणार नाही. एवढंच सांगतो, की दुखत होतं, पंधरा दिवस झाले होते, रात्री झोप येत नव्हती आणि आता ताप यायला लागला होता.

काकांनी तिचं प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "लग्न झालंय?"

हॉल गप्प झाला. रोज गजबजलेला हॉल असा गप्प झाला, की औषधाच्या खिडकीत बाटली ठेवल्याचा आवाज आला. तिने सावकाश मागे वळून पाहिलं आणि तिला कळलं. लोक माझ्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

तिसऱ्या बाकावरून एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, ही तर आपल्या शिवणवालीची भाची!"

"दाढ," ती म्हणाली. "नाही नाही, काका, ते खोडा. दाढ दुखते माझी."

"मग आधी नाही का सांगायचं! कागद वाया."

ती सहा नंबरकडे गेली. सगळे बघत असताना दुसरीकडे जाणार तरी कुठे?

मित्रांनो, भोंग्याला तोंड मिटता येत नाही. त्या दिवशी मी खूप प्रयत्न केला. पडदा ताठ धरला. तरी मी बोलतच राहिलो, "पुढचा, पुढचा, वय किती," खणखणीत.

*

संध्याकाळी सहाला, खिडकी बंद झाल्यावर, दातांच्या मॅडमनी सिस्टरना मागच्या जिन्यावरून माझ्या खांबाखाली बोलावून आणलं.

"सिस्टर, तुमच्याकडे एक पोर फिरकत नाही, आणि माझ्याकडे या महिन्यात बत्तीशी ठणठणीत असलेली सतरा! आ करायला सांगितलं की घळाघळा रडतात. मी काय एवढी भेसूर दिसते?"

"सतरा?" सिस्टर म्हणाल्या.

"आज एक आली. दाढा म्हणजे मोती. पण गालाला हात लावला तर चटका बसला. म्हटलं, बाळ, ताप कशाचा? तर खुर्चीवरून उठून पळाली."

दुसऱ्या दिवशी सिस्टर मागच्या जिन्याने वर गेल्या नाहीत. हॉलमध्ये आल्या आणि पहिल्यांदाच बाकावर बसल्या, पेशंटसारख्या.

पावणेपाचला टोपीवाला मुलगा परत आला. धीर गोळा करून आला असणार. "चौदा नंबर," तो म्हणाला आणि मी ते ओरडलो. "तक्रार काय?" मी ओरडलो.

सिस्टर उठून पळतच खिडकीशी गेल्या. "काका! बटण!"

"कुठलं बटण?"

"माइकचं! सगळा हॉल ऐकतोय!"

आता हेही सगळा हॉल ऐकत होता. काकांनी पंखा बंद केला. मग ते हळूच माइकमध्ये म्हणाले, "हॅलो?" आणि खांबावरून त्यांना स्वतःचाच आवाज आला. "हॅलो?"

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"थंडीपासून," बाकावरचे ते हसणारे गृहस्थ म्हणाले. आज हसत नव्हते.

काका बसून राहिले. त्यांना पाला आठवला असेल, ससा आठवला असेल, पण ते म्हणाले काहीतरी वेगळंच. "ती कालची. बोटं मोडणारी. लग्न झालंय का विचारलं मी तिला." अंगठा चोळत म्हणाले, "माझ्या नातीएवढी."

मग त्यांनी कागद कापायची कात्री घेतली, खोक्यातून बाहेर आले, स्टूल ओढलं, आणि खांबाशी येऊन माझी वायर कापली.

कट्.

मी असा गप्प झालो. लोक म्हणतात, भोंगा बिघडला. मी बिघडलो नाही, मित्रांनो. माझं तोंड कोणीतरी मिटून दिलं.

*

वायरमन परत आला. एक्स-रेची लाइट लागली. फार लवकर लागली.

पहिली पायरी.

*

बोलणं थांबलं तरी ऐकणं थांबलं नाही. खरी भीती त्यानंतरची.

काका म्हणाले, "कागदावर पत्ता आहे. मी जातो तिच्या घरी. हात जोडतो, माफी मागतो."

"आणि आत्याला काय सांगाल?" सिस्टर म्हणाल्या. "काका, तुम्ही तिच्या दारात उभे राहिलात, तर पुन्हा भोंगाच वाजवलात."

"मग काय पोरीला तशीच तापात ठेवायची?"

तेव्हा आवाज ऐकून बाहेर आलेल्या दातांच्या मॅडम म्हणाल्या, "कागद कसला आहे तिचा?"

"दाढेचा."

"मग दाढेचंच बोलावू."

त्यांनी पत्र लिहिलं आणि काकांनी मोठ्याने वाचलं. शेवटी त्यांची सवय. मग दचकून माझ्याकडे पाहिलं. मी गप्पच होतो. पत्र असं होतं, "आपल्या दाढेचे काम अर्धवट राहिले आहे. दुखणे वाढू नये म्हणून लवकरात लवकर सहा नंबरच्या खोलीत दाखवून जावे. वेळ चार ते सहा."

दोन दिवस झाले. तीन झाले. रोज चार वाजले की काका काचेला नाक लावून बसत. दातांच्या मॅडम दारात डोकावून बघत. सिस्टर जिन्याच्या पायरीवर उभ्या राहत. आणि मी खांबावर कान होऊन बसलेला. बोटं मोडल्याचा आवाज कधी येतो? कोणी दाराशी आलं की पडदा थरथरायचा. छडी टेकत आजोबा आले. तान्हं घेऊन आई आली. ती नाही.

पाचव्या दिवशी सिस्टर दातांच्या मॅडमना म्हणाल्या, "ताप अंगात मुरला तर अवघड जाईल. आणखी आठवडा काढला तर मला सांगता येत नाही."

सहावा. सातवा. माझ्यातून गेलेला एकेक शब्द मला आठवायचा. पूर्वी अकरा माणसं उठवणारा माझा आवाज. आता एका मुलीला त्याने घरात कोंडून ठेवलं होतं. ती तिथे बोटं मोडत असेल, आणि मी इथे.

नवव्या दिवशी, कट्.

ती आली. पण एकटी नव्हती. तिच्या दंडाला धरून एक सडपातळ बाई चालत होती. गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली, पदराला टाचण्या. आत्या. आत्याच्या हातात पत्र होतं.

"सहा नंबर कुठे हो?" आत्याने विचारलं. काकांनी तोंड उघडलं, मिटलं आणि नुसतं बोटाने दाखवलं.

मुलगी आत गेली. दातांच्या खोलीतून मागचा जिना लागतो, जिना चौदा नंबरला जातो. दार लागलं. आत्या माझ्या खांबाला टेकून बसली.

आणि नेमकी ती तिसऱ्या बाकावरची बाई आली. गुडघ्याला शेक घ्यायला रोज यायची. "काय हो, शिवणवाल्या बाई! पोरीला आणलंत वाटतं? त्या दिवशी मी सांगितलं ना तुम्हाला, भोंग्यावर काय ऐकलं ते. मग? काय निघालं?"

म्हणजे आत्याला ठाऊक होतं. नऊ दिवस ठाऊक होतं! माझी डबी गार पडली. आता ही काय बोलणार? सगळ्यांदेखत?

"दाढ," आत्या म्हणाली.

"अहो पण भोंग्यावर तर..."

"दाढ म्हटलं ना. तुम्हीही दाखवून घ्या. पण तुमची दाढ नाही हो, जीभ वळवळते."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. ती बाई गुडघा धरून उठली आणि शेक न घेताच गेली.

थोड्या वेळाने सिस्टर खाली आल्या. आत्याने त्यांचा हात धरला आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, "दाढच आहे ना हो?"

"ती आत आहे. औषध सुरू केलंय. वेळेत आणलंत तुम्ही."

"बाकी सांगू नका. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. नऊ दिवस मी मशीनवर बसून तेच म्हणत होते, विचारू का, विचारू का. माझं तोंड फटकळ. विचारायला गेले की रागावल्यासारखंच होतं. ती घाबरते, आणि ती घाबरली की मी घाबरते. रोज तिचं कपाळ गरम, आणि रोज मी नुसती पांघरूण घालते. मग हे पत्र आलं. म्हटलं, चला, दाढेला न्यायला काय हरकत आहे!"

सिस्टर तिच्याजवळ बसल्या. मी ऐकत होतो, ऐकण्यासारखं काही नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटलं.

तिला काय झालं होतं, ते मला कधीच कळलं नाही. ते चौदा नंबरमध्ये राहिलं. तीन आठवड्यांनी ती शेवटची गोळी संपवून खाली आली. खांबापाशी थांबली, वर माझ्याकडे बघितलं आणि मला जीभ दाखवली. बोटं मोडली नाहीत.

*

चौथी पायरी. पाचवी. वायरमनचा श्वास माझ्या तोंडात येतो आहे.

त्याच्याआधी एवढं सांगून टाकतो. तेव्हापासून खिडकीत कोणी काही विचारत नाही. काकांनी जाड पुठ्ठ्यावर खोल्यांचे आकडे लिहून काचेला आतून चिकटवले. आलेल्याने बोट ठेवायचं, आतून त्या नंबराचा बिल्ला सरकतो. काय होतंय, कुठे होतंय, कोण आहेस, हे दार लागल्यावर विचारायचं. चौदा नंबरच्या मऊ खुर्च्या आता कमी पडतात. काका निवृत्त झाले. जाताना स्टुलावर चढून माझ्या तुटक्या वायरीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधून गेले.

"इथे चिठ्ठी आहे!" वायरमन वरून ओरडला. "'जोडू नये' म्हणे!"

"कोणाची सही?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"सही नाही, शिक्का नाही."

"मग जोडा."

चिठ्ठी खाली पडली. पक्कड आली. तांब्याला तांबं लागलं. खर्र्. मित्रांनो, मी जिवंत झालो. काकांची कागदाची घडी अजून बटणावर आहे, रबरबँड वाळला तरी सुटलेला नाही. खिडकी उघडी आहे आणि पावणेपाच वाजलेत. खिडकीपाशी कोणीतरी उभं आहे, खांदे वर ओढून. शाळेची बॅग.

"ताई!" वायरमनने खिडकीतल्या नव्या केसपेपरवालीला हाक मारली. "माइकमध्ये काहीतरी बोला!"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या पोराकडे पाहिलं. बोलली नाही.

पोराने काचेवर बोट ठेवलं. बिल्ला सरकला. पोराने तो घेतला आणि घेता घेता भीतीने एक बोट मोडलं. मी माझ्या पूर्ण ताकदीने, खणखणीत, सगळ्या हॉलला एवढंच सांगितलं,

कट्.

कोणीच वर पाहिलं नाही.

"नुसतं खुट् करतोय," वायरमन म्हणाला. त्याने माझ्या पाठीत दोन थापा मारल्या. ताई खाली मान घालून बसली होती, शिक्का हवेतच धरून. पंखा बंद होता. हॉलवर काहीच आलं नाही. "पडदा गेलाय साहेब याचा. जुना माल."

"मग?"

"मग काही नाही. निकामी."

त्याने वायर सोडली, वहीत तेच लिहिलं आणि उतरला. पाचवी, चौथी, तिसरी. मी पायऱ्या मोजल्या. निकामी. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकी मोठी शाबासकी मिळाली नव्हती.

पण मित्रांनो, मी अजून घाबरलेलाच आहे. नवा भोंगा आणतील. त्याचा आवाज माझ्याहून मोठा असेल आणि त्याला हे काही माहीत नसेल. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. तुम्ही मोठे व्हाल. कोणी खिडकीच्या आत बसाल, कोणी तिसऱ्या बाकावर. आत बसलात तर हळू विचारा. बाकावर बसलात आणि कानावर काही पडलं, तर ते तिथेच बाकाखाली ठेवून घरी जा. माझी निगा राखू नका. मला तेल नको, रंग नको, नवी वायर तर नकोच.

आणि तुमच्यापैकी कोणाला आत्ता काही दुखत असेल, पंधरा दिवस झाले असतील, कोणाला सांगता येत नसेल, तर या. चार ते सहा. दाढ दुखते म्हणून या. चालेल.